चाकांवरचं घर, चाकांवरचं थिएटर

फोक्सवॅगनची ती गोल चेहऱ्याची, दोन रंगांची व्हॅन आठवतेय? हॉलिवूडच्या सिनेमात हमखास दिसणारी, टपावर सर्फबोर्ड आणि आत गादी, शेगडी, पडदे! 1950 साली जर्मनीत सुरू झालेली ही गाडी ब्राझीलमध्ये थेट 2013च्या डिसेंबरपर्यंत बनत होती. आज तिचे दिवाने युरोपात एखाद्या वीकएंडला गावाबाहेरच्या माळावर जमतात. गाड्या रांगेत लावायच्या, पुसायच्या, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालायचं आणि रात्री शेकोटी. आपल्याकडेही राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे चाकांवरच्या घराची क्रेझ आता इथंही पोचली म्हणायची.

पण बॉस, चाकांवरच्या घरांची रॅली आपल्याकडे कधीपासूनच आहे. तीही साताऱ्या-सांगलीच्या माळावर. फक्त तिला रॅली म्हणत नाहीत, जत्रा म्हणतात. आणि तिच्या तारखा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सापडतात.

पंचांगाचा टूर प्लॅन

दिवाळी सरली की या पट्ट्यात जत्रांचा सीझन सुरू होतो. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. महिना संपता संपता पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिथला रथ भक्तांनी वाहिलेल्या नोटांच्या माळांनी झाकून जातो. पौषात कराड तालुक्यातल्या पालीला, म्हणजे तिथल्या भाषेत पालला, खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं. भंडाऱ्यानं अख्खं गाव पिवळं होतं. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो. मग चैत्र आणि गावोगावचे उरूस. पाऊस येईपर्यंत दम नाही.

या पंचांगावर आपला टूर प्लॅन आखणारी बरीच मंडळी आहेत. आकाशपाळणेवाले, मौत का कुआँवाले, तमाशाचे फड. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड असाच गावोगाव फिरला आणि महाराष्ट्रभर गाजला. आणि या सगळ्यांत आमची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे टुरिंग टॉकीजचा ट्रक.

ट्रक एक, कामं चार

दुपारी जत्रेत पोचलात तर गर्दीच्या कडेला हे ट्रक दिसतील. नाकाड पुढं आलेलं, रंगावर रंग चढलेले. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेले डॉज, फार्गो या धंद्यात वर्षानुवर्षं पळाले. स्पेअर पार्ट मिळत नाही, तेव्हा तो घडवून घ्यायचा. हँडलपासून हौद्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला कुठल्या तरी गावच्या लोहाराचा हात लागलेला.

हाच ट्रक सामान वाहतो. तंबूचं कापड, बांबू, दोर, खुंट्या, स्पीकर, पडदा, सगळं याच्या पोटात. सामान उतरलं की तो घर होतो. टपावर कपडे वाळतात, चाकाआड स्टोव्ह पेटतो, दुपारी पोरं चाकांमधल्या सावलीत ताणून देतात. संध्याकाळी हाच ट्रक तंबूच्या मागच्या टोकाला उलटा लावला की झाली प्रोजेक्शन रूम! मशीन ट्रकमध्येच बसवलेलं असतं. जमिनीवर बसलेल्या पब्लिकच्या डोक्यावरून प्रकाशाचा झोत थेट समोरच्या पडद्यावर. आणि चौथं काम? पोस्टर चिकटवायची भिंत.

अंधार पडला की पुकारा सुरू. शेजारी शेजारी दोन तंबू असले तर विचारूच नका. एकाच्या भोंग्यात हाणामारी, दुसऱ्याच्या भोंग्यात देव. तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षाही स्वस्त. मुक्कामी आलेल्या भाविकांना रात्र काढायची असते, त्यामुळे शोवर शो पहाटेपर्यंत चालतात. निम्मं पब्लिक सिनेमा बघतं, निम्मं घोरतं. दोघांचेही पैसे वसूल!

रीळ संपलं

एके काळी हे तंबू म्हणजे गावांचं एकमेव थिएटर होतं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) असो, दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (1971) असो की ‘माहेरची साडी’ (1991), मराठी सिनेमा शहराबाहेरच्या माणसापर्यंत नेण्यात या ट्रकांचा मोठा वाटा होता. तीन तासांच्या सिनेमाची 16-17 रिळं पत्र्याच्या पेट्यांत भरायची आणि खाचखळग्यांतून पुढचं गाव गाठायचं.

मग टीव्ही आला, केबल आली, सीडी आली. तरी तंबू तगले. खरा फटका बसला 2010 नंतर. सिनेमा डिजिटल झाला आणि नव्या सिनेमांच्या रिळांच्या प्रिंट निघणंच बंद झालं. काहींनी डिजिटल प्रोजेक्टर घेतले, बऱ्याच जणांना ते परवडले नाहीत. जुनी मशीनं भंगारात किलोवर गेली. मग मोबाइल. मग कोविडनं 2020 आणि 2021च्या जत्राच गिळल्या.

गंमत म्हणजे याच काळात जगानं या ट्रकांना सलाम केला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी अनेक वर्षं या मंडळींसोबत फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथं गौरवलाही गेला. त्याआधी 2013 साली गजेंद्र अहिरेंचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी सिनेमा आला, त्याला संगीत चक्क इलायराजांचं. पडद्यावर टाळ्या पडत राहिल्या आणि माळावरचे तंबू कमी होत गेले.

हौसेची गाडी आणि पोटाची गाडी

आता एक गोष्ट जरा शांतपणे ऐका. 2021 साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी खास नियम केले. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. छानच आहे. पण अट अशी की गाडी खासगी हवी, तिच्यावर धंदा करायचा नाही.

म्हणजे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, वर्षातून दोनदा बाहेर निघणारी गाडी ‘वारसा’. आणि जी गाडी रोज राबली, जिच्यात माणसं जेवली, झोपली, जिनं पिढ्यांना पहिला सिनेमा दाखवला, ती सरकारदरबारी फक्त जुना कमर्शियल ट्रक. 15 वर्षांपुढच्या अशा गाड्यांची फिटनेस फी 2022पासून बरीच वाढली. त्याच सुमारास स्क्रॅपिंगचं धोरणही आलं. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोत, हे कुणालाही पटेल. पण निदान काही ट्रक, आतल्या मशीनसकट, एखाद्या संग्रहालयात उभे राहायला काय हरकत आहे? हौशी मंडळी कोम्बी जपतात, कारण तिच्यामागे क्लब आहे, पैसा आहे. या ट्रकांमागे फक्त तिकीट आहे.

म्हणूनच या सीझनला एक वीकएंड इकडे वळवा. तंबू असेलच याची गॅरंटी नाही, आता ते बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. पण दिसला तर नुसता फोटो काढून पुढं सरकू नका. तिकीट काढा, आत जाऊन मांडी घालून बसा.

वीकएंड गाइड

कसं जाल? पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर. तिथून पंढरपूरच्या रस्त्याला लागायचं. कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, मग पुसेगाव. त्याच रस्त्यानं पुढं दहिवडी, गोंदवले, म्हसवड. वाटेत वर्धनगड चढून या, किल्ला छोटा पण झकास.

कधी? तारखा तिथीनुसार बदलतात, तेव्हा सुट्टी टाकण्याआधी पंचांग बघा. मुख्य दिवशी प्रचंड गर्दी असते. निवांत भटकायचं तर त्याच्या पुढचा-मागचा वीकएंड गाठा.

काय खाल? गरम भजी, जिलेबी, गोडीशेव. परतताना साताऱ्याचे कंदी पेढे मस्ट!

काय न्याल? स्वेटर आणि अंथरायला चादर, कारण माळावर रात्री कडाक्याचा गारठा असतो. सुटे पैसे. पालला जाणार असाल तर जुने कपडे घाला, भंडारा सहजासहजी निघत नाही. ट्रकच्या आत डोकावण्याआधी मात्र विचारा. ते कुणाचं तरी घर आहे.