अंडं, अणुकेंद्रक आणि "उपयोग काय?"

परवा एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, "सर, अणूचं केंद्रक कसं फिरतं हे बघायला सरकारने पैसे का घालायचे?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ओट्यावर एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं फिरवून बघा. उकडलेलं गरगर फिरतं, कच्चं रेंगाळतं. कवच न फोडता आतलं कळतं. केंद्रकाचंही असंच आहे. पुस्तकात ते गोल काढतात, पण एर्बियमसारख्या मूलद्रव्यांत ते लांबट असतं. लांबट आहे म्हणूनच त्याचं फिरणं कळतं. अगदी गोल असतं तर क्वांटमच्या नियमांत त्या फिरण्याला अर्थच उरला नसता. फिरणं मंदावताना पायरीपायरीने गॅमा किरण निघतात. त्या पायऱ्या मोजल्या की आकार कळतो. शिवाय हेही कळतं, की केंद्रक पुरतं उकडलेल्या अंड्यासारखं फिरत नाही, कारण आतले कण जोड्या करून असतात. वेग वाढला की जोड्या तुटतात. या लांबट केंद्रकांच्या सिद्धांतासाठी ऑगे बोर, मॉटेलसन आणि रेनवॉटर यांना १९७५ चं नोबेल मिळालं.

१९८६ मध्ये इंग्लंडात डेअर्सबरीला पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांना डिस्प्रोशियम-१५२ मध्ये जवळपास सारख्या अंतरावरच्या १९ गॅमा रेषा सापडल्या. म्हणजे केंद्रक रुंदीच्या दुप्पट लांब! जगभर गाजलेला शोध. आणि १९९३ मध्ये तिथला तो प्रवेगकच बंद केला गेला.

आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआरमध्ये पेलेट्रॉन प्रवेगक आहे. गॅमा किरण टिपणारी उपकरणं फार महाग. म्हणून मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या संस्थांनी आपापली उपकरणं एकत्र केली. संच आळीपाळीने एकेका ठिकाणी मांडायचा, विद्यापीठांतल्या मुलांनीही तिथे येऊन प्रयोग करायचे. चक्क भिशी! नाव 'इंगा'. (हो, आपण दाखवतो तोच शब्द, पण हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव.)

यातून उद्या नवा मोबाईल निघेल, असं खोटं सांगणार नाही. पण असं यंत्र एकदा बंद पडलं की ते चालवणारे हातही पांगतात, आणि ते हात बाजारात विकत मिळत नाहीत. तेव्हा बाबा, हिशेब जरूर माग. फक्त "उपयोग काय" एवढ्यावर थांबू नकोस. आपल्या विद्यापीठातल्या किती मुलांना त्या यंत्रावर वेळ मिळतो आणि त्यांची फेलोशिप वेळेवर येते का, हेही विचार.