तपासणीचा कागद

दिसायला तो अगदी साधा. अर्ध्या पानाचा, वर दवाखान्याचं नाव, खाली सही, मध्ये दोन-तीन ओळी, त्याही इंग्रजीत. पण परंड्याच्या, भूमच्या, कळंबच्या एखाद्या घरात तो शिरला की त्या घरातल्या बाईचा घास घशाखाली उतरत नाही. रेशनकार्डाच्या आणि आधारकार्डाच्या कॅरीबॅगेत त्याला जागा मिळत नाही, कारण ती कुणीही उघडतं. तो राहतो पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी. घरात कुणी नसलं की बाई त्याला बाहेर काढते, उलगडते, पुन्हा घडी घालते. वाचता येत नसलं तरी बघते.

गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचा हा कागद. गावात म्हणतात, ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’.

स्वभावानं तो मितभाषी आहे, आणि त्याच्या मितभाषीपणाचाच जाच होतो. जे दिसलं ते तो सांगतो, पुढे काय होणार ते सांगत नाही. कधी ‘पॉझिटिव्ह’ एवढंच. कधी पेशींच्या तपासणीतले ‘अॅस्कस’, ‘एलसिल’, ‘एचसिल’ असे शब्द. कॅन्सर हा शब्द त्यानं बहुतेक वेळा उच्चारलेलाही नसतो. तो उच्चारतात बाकीचे. बारावीतला मुलगा मोबाईलवर शोधतो आणि गप्प बसतो. मेडिकलवाला ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतो. शेजारीण कुणाच्या तरी नणंदेची गोष्ट सांगते, आणि त्या गोष्टीतली नणंद गेलेली असते. मग आरोग्यसेविका दारात आली की बाई तिचा हातच धरते, ‘सिस्टर, खरं सांगा, माझी लेकरं बारकी हायेत.’

हा कागद धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे जुन्या उस्मानाबादला, नवा नाही. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असलं तरी परंडा-भूमच्या माणसाला बाजाराला आणि दवाखान्याला तेच जवळचं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलाच्या आधारानं 1987 साली बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भारतातली ही पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी. त्या नोंदवहीत बायकांच्या रकान्यात सगळ्यात जास्त दिसला तो गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, आणि दिसला तो बहुतेक उशिरा. अंगावरून पांढरं जातंय, मधेच लाल जातंय, हे कुणाला सांगायचं म्हणून वर्ष-वर्ष काढलेल्या या बायका होत्या.

मग ऑक्टोबर 1999 मध्ये बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू केलं. 497 गावं, त्यांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. काही गटांत हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी. काहींत गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून, एक मिनिट थांबून, कुठे पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. आणि उरलेल्या गटांची तपासणी केली नाही. त्यांना माहिती आणि नेहमीची सेवा, एवढंच.

निकाल एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या 31,488 बायकांच्या गटात या आजारानं 64 जणी गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या 34,126 बायकांच्या गटात 34. एकाच चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर एचपीव्ही चाचणीची बाजू मांडताना ज्या पुराव्याचं नाव घेतात, तो आपल्या याच गावांमधून गेलेला आहे. त्या 64 जणींचं काय, त्यांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, हा प्रश्न पुढे देशात आणि परदेशात उघडपणे विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. मला तर या कागदाबद्दल लिहिताना त्या 64 जणी आधी आठवतात. त्यांच्या पेटीत हा कागद कधी आलाच नाही. ज्यांच्या पेटीत तो आला त्या घाबरल्या, रडल्या, आणि त्यातल्या पुष्कळ जणी वाचल्या.

पण घाबरलेल्या बाईला हा इतिहास सांगून तिची झोप परत येत नाही. तिला तिच्या कागदाचं बोलणं पूर्ण करून हवं असतं. त्यासाठी याच अभ्यासातला एक हिशेब फार कामाचा आहे. एचपीव्ही चाचणी झालेल्या 27,192 बायकांपैकी 2,812 जणींचा कागद पॉझिटिव्ह आला, म्हणजे शंभरात दहा. कर्करोगाच्या आधीची गंभीर अवस्था मात्र तपासलेल्या शंभरांत एकीपेक्षाही कमी जणींना सापडली. प्रत्यक्ष कर्करोग निघालेल्या जणी त्याहून कमी. म्हणजे असा कागद हातात असलेल्या दहा जणींपैकी जवळजवळ नऊ जणींना यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या अंगात विषाणू होता, आणि तो बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. टिकून राहिला तरी त्यातून कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणून ‘पुढची तपासणी करून घ्या’ हे खरं, आणि ‘आज रात्री काही होत नाही’ हेही तितकंच खरं. एका वाक्याशिवाय दुसरं सांगणारा माणूस बाईला अर्धवट सोडून जातो. जोंधळ्यात तण दिसलं म्हणून पीक गेलं असं कुणी म्हणत नाही, खुरपं घेऊन बसतात. कागद तेवढंच सांगायला आलेला असतो.

यापेक्षा खोल काळजी आणखी एक असते, ती कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहिते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे कळलं की घरात नजर बदलते. कुठून आणलं? नवऱ्यानं की तिनं? या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. वीस वर्षांच्या संसारात तो कधी आला, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. हा कागद कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही, हे बाईला तर सांगावंच, पण तिच्या नवऱ्याला आणि सासूला त्याहून आधी सांगावं.

मग पुढची तपासणी, म्हणजे कोल्पोस्कोपी. दुर्बिणीतून बघतात, गरज वाटली तर चिमटीएवढा तुकडा तपासायला घेतात. दोष असला तर बरेचदा क्रायो पुरतं. थंडगार टोकाची सळई गर्भाशयाच्या तोंडाला लावतात. तीन मिनिटं गोठवतात, पाच मिनिटं सोडतात, पुन्हा तीन मिनिटं. भूल लागत नाही, पोटात पाळीसारखी कळ येते. दोष मोठा किंवा आत गेलेला असेल तर विजेच्या तारेच्या वेढ्यानं तेवढाच भाग काढतात. पिशवी जागेवर राहते. नंतर काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं. हे आधी कुणी सांगितलं नसलं की बाईला वाटतं, झालं, बिघडलं. महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं असतं, ते घरी सांगायची तिला लाज वाटते. म्हणून ते डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगावं. रक्त जास्त गेलं, ताप आला, घाण वास आला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

पिशवी जागेवर राहते, हे मी मुद्दाम लिहिलं. मराठवाड्यात या कागदाचं सगळ्यात मोठं नुकसान झालंय ते चुकीच्या हातात पडून. ‘पुढे कॅन्सर होईल, काढूनच टाका’ या एका वाक्यावर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या गेल्या आहेत. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका पेटला, की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. यातल्या कित्येकींना कागदसुद्धा मिळाला नव्हता. नुसती सोनोग्राफी झाली, आणि भीती घातली. भीती विकायला सोपी असते आणि घाबरलेली बाई दागिना मोडून पैसे आणते. तपासणीत दोष निघाला म्हणून कुणी थेट पिशवी काढायला सांगत असेल, तर तुकडा तपासला का, त्यात काय निघालं, हे विचारायचा बाईला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचाही.

उपचारानंतर वर्षभरानं पुन्हा तपासणी असते. त्या वेळी बाईला काही दुखत नसतं. दुखत नाही त्यासाठी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी कशाला घालवायची, हा तिचा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. शिवाय ती तारीख बरेचदा नेमकी अशा वेळी येते की ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघून गेलेली असते. दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेव्हा तारीख लिहिणाऱ्यानं आधी एवढं विचारावं, ‘मावशी, यंदा उचल घेतलीय का?’ घेतली असेल तर तारीख चैत्रातली द्यावी, नाहीतर दसऱ्याच्या आधीची, आणि ती बाईला वाचता येईल अशा अक्षरात, मराठीत लिहावी.