सफरीचे गाठोडे

प्रवासाच्या आदल्या रात्री घरोघर एकच गडबड उडते. 'हे असू द्या, तेही असू द्या,' असे म्हणता म्हणता पेटी फुगत जाते आणि शेवटी कोणीतरी तिच्यावर बसल्याखेरीज ती बंद होत नाही. आफ्रिकेतील वन्य पशू पाहावयास निघालेल्या प्रवाशाला मात्र ही हौस परवडत नाही. टांझानियातील सेरेंगेटीकडे नेणारी विमाने अगदी लहान असतात. त्यांत माणशी बहुधा 15 किलो सामान नेता येते आणि तेही मऊ कापडी पिशवीत. कारण विमानाच्या पोटातील अरुंद जागेत टणक पेटी मावत नाही.

अशा प्रवासाला 'सफारी' म्हणतात. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून आलेली 'सफर' मराठीतही कधीच रुळली आहे.

एके काळी सफारीचे गाठोडे फार मोठे असे. 1909 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर अडीचशेंच्या वर हमाल होते. सामानात तंबू होते, बंदुका होत्या, वाचावयास साठेक पुस्तके होती आणि मारलेल्या जनावरांची कातडी टिकविण्यासाठी चार टन मीठही होते! संग्रहालयासाठी नमुने जमविणे हा त्या सफरीचा हेतू होता. पिता-पुत्रांनी मिळून त्या सफरीत 512 जनावरे मारली.

आजच्या प्रवाशाच्या पिशवीत बंदुकीच्या जागी दुर्बीण असते. परंतु ती पिशवी भरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : तेथे या वेळी ऋतू कोणता आहे?

आफ्रिका म्हणजे रणरणते ऊन, अशी पुष्कळांची समजूत असते. जून ते ऑक्टोबर हा सेरेंगेटीतील कोरडा काळ. या दिवसांत निघालेला मनुष्य याच समजुतीने केवळ सुती कपडे बरोबर घेतो आणि पहिल्याच पहाटे फसतो. विषुववृत्त जवळ असले, तरी सेरेंगेटीची दक्षिणेकडील मैदाने महाबळेश्वराहूनही उंच आहेत. पहाटे उघड्या टपाच्या मोटारीत वारा अंगाला झोंबतो. नेमक्या त्याच वेळी रात्रीच्या शिकारीवरून सिंहीण परतत असते. ज्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर आहे, तो तिच्याकडे पाहतो; ज्याच्या अंगात नाही, तो सूर्य कधी वर येईल याची वाट पाहतो! दुपारी मात्र ऊन तापते, धुळीचे लोट उठतात. म्हणून कपडे एकावर एक घालावेत, ऊन चढेल तसे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकेक उतरवावेत आणि नाकातोंडावर बांधावयास एक रुमाल जवळ ठेवावा.

पावसाचे तेथे दोन हंगाम. नोव्हेंबर-डिसेंबरचा लहान पाऊस म्हणजे 'वुली' आणि मार्च ते मेपर्यंतचा मोठा पाऊस म्हणजे 'मासिका'. अशा वेळी हलका रेनकोट, लवकर वाळणारे कपडे आणि दुर्बिणीसाठी जलरोधक पिशवी हवी. काही भागांत जमीन काळी आहे, आपल्या कापसाच्या जमिनीसारखीच चिकट. भिजली की ती मोटारीची चाके धरून ठेवते. तेव्हा चिखलातून चालण्याजोगे मजबूत बूट कामास येतात. दोन्ही पावसांच्या मधल्या काळात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, दक्षिणेकडील हिरव्यागार कुरणांत विल्डबीस्ट नावाच्या दाढीवाल्या जनावरांची लाखो वासरे थोड्याच आठवड्यांत जन्मास येतात. त्यांच्या मागावर सिंह आणि तरसही येतात. तो सोहळा पाहावयाचा, तर उन्हाची टोपी आणि पावसाचा कोट, दोन्ही बरोबर असावीत.

कपड्यांच्या रंगाचाही विचार करावा लागतो. त्सेत्से नावाची चावरी माशी निळ्या व काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्यासाठी रानात याच रंगांच्या कापडाचे सापळे टांगतात. मग तेच रंग अंगावर घालून हिंडण्यात शहाणपण कोणते? त्यापेक्षा खाकी बरी. खाक म्हणजे धूळ; धुळीच्या देशात धुळीचाच रंग शोभतो.

काय न्यावे याइतकेच काय नेऊ नये, हेही महत्त्वाचे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियाने 2017 साली आणि टांझानियाने 2019 साली बंदी घातली. केनियात तर 1977 पासून शिकारीलाही बंदी आहे. ज्या भूमीतून एके काळी कातड्यांचे गठ्ठे बाहेर गेले, तेथे आता पाहुण्याने आपला कचराही मागे ठेवू नये, अशी अपेक्षा असते.

गाठोडे उघडून पाहिले, की मनुष्य कशासाठी निघाला आहे ते कळते. मिठाच्या गोण्या नेणारा काहीतरी घेऊन येण्यासाठी निघालेला असतो. स्वेटर, टोपी आणि दुर्बीण एवढेच घेऊन निघालेला मनुष्य परततो, तेव्हा त्याच्या पिशवीचे वजन पूर्वीइतकेच भरते. परंतु पहाटेच्या धुक्यातून चालत गेलेली ती सिंहीण त्याच्या डोळ्यांपुढून जन्मभर हलत नाही. आणि तिकडे सेरेंगेटीत ती आपल्या पिलांसह सुखरूप असते.