स्क्रीन टाइमचा आकडा

2021 च्या एप्रिलमध्ये हे कोरोनाने गेले. मुलगा मेलबर्नला, तिकडून येण्याची सोय नव्हती. बापाचे दहावे-तेरावे त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिले. त्या दिवसांत फोन नसता तर आम्हा मायलेकरांनी एकमेकांना धीर तरी कसा दिला असता? म्हणून मोबाइलला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

पण रात्री मात्र त्याच फोनने माझे हाल केले. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. डोळ्याला डोळा लागत नसे, मग उशाजवळचा फोन हातात यायचा. कुणाला ऑक्सिजन मिळाला नाही, कुणाचे घरच्या घर गेले. लाट ओसरली तरी माझ्या फोनमधली ओसरली नाही. एका बातमीवर थांबले की तशाच आणखी दहा पुढे येत. छातीत धडधडायचे, हात थांबायचा नाही. स्टेशनातून पहिल्या लोकलचा आवाज आला की कळायचे, पहाट झाली. दिवसभर अंग शिशासारखे जड. वडाळे तळ्यावरचे फिरणे सुटले, कुकर लावायचाही कंटाळा यायचा.

नणंद सांगली जिल्ह्यातली. तिने मोहित्यांच्या वडगावचे सांगितले. तिथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा होतो आणि दीड तास सगळे गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवते. चांगलीच कल्पना आहे. मीही करून पाहिले. पण वडगावात फोन बंद झाला की घरात माणसे उरतात. माझ्याकडे पंख्याचा आवाज उरायचा आणि ह्यांची रिकामी खुर्ची.

एका रात्री फारच घाबरायला झाले, तेव्हा 14416 लावला. टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी किती तास फोन बघता हे विचारलेच नाही. "काय बघता? आणि बघून झाल्यावर कसं वाटतं?" एवढेच विचारले. मुलगा दर रविवारी स्क्रीन टाइमचा आकडा विचारायचा. बघून कसं वाटतं, हा प्रश्न मात्र तोवर कुणी केला नव्हता. मी खूप रडले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. काही महिने गोळ्या घेतल्या. त्यात लाजण्यासारखे काय आहे? रक्तदाबाची घेतेच ना.

आता रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो, उशाशी गजराचे घड्याळ. दुपारी मात्र आम्ही निवृत्त शिक्षिका व्हिडिओवर जमतो. एकजण पुस्तक वाचते, बाकीच्या ऐकतात, कुणी भाजी निवडते. वाचनापेक्षा गप्पाच लांबतात. स्क्रीन टाइमचा आकडा म्हणाल तर पूर्वीपेक्षा फारसा उतरलेला नाही. झोप मात्र लागते, आणि एखादीचा चेहरा उतरलेला दिसला की नंतर तिला कुणी ना कुणी वेगळा फोन करतेच.

मध्यंतरी खांदा कॉलनीतली मैत्रीण दोन दिवस दिसली नाही, फोनही उचलेना. आम्ही दोघी रिक्षा करून तिच्या घरी गेलो. तापाने फणफणली होती. डॉक्टरांकडे नेले, मऊ भात करून दिला आणि निघताना तिच्या मुलीचा नंबर घेऊन ठेवला.