कपाटाची किंमत



गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी घरातले शिसवी कपाट विकले. आजोबांनी लग्नाच्या वेळी ते खानापूरच्या एका मेस्त्रींकडून करवून घेतले होते. सांध्यांत एक खिळा नाही. खाचेत कुसू बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली. पाठीमागच्या फळीवर हात फिरवला की रंध्याच्या खुणा बोटांना लागायच्या. शिसव एवढे जड की कपाट हलवायला चार माणसे लागत. दर डिसेंबरात, नाताळच्या आधी, आमची आक्का त्याला जवसाचे तेल चोळायची. तिच्या हातांना आठवडाभर तो वास असायचा.

आता आक्का वास्कोला असते आणि आम्ही बेळगावात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. जिन्याच्या वळणावर कपाट वर चढेना, म्हणून ते शेजाऱ्यांच्या पडवीत पावसाळा काढत होते. त्यातच मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. आक्काला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "विका. पावसात कुजण्यापेक्षा बरं."

जुने सामान घेणारे एक गृहस्थ आले. त्यांनी खण बाहेर काढून तळ पाहिला, नखाने पॉलिश खरवडले. मागचा डावा पाय घर बदलताना मोडला होता आणि पापांनी तो आंब्याच्या लाकडाचा करून वरून काळा रंग दिला होता. त्यांच्या ते लक्षात आले नाही. आम्ही स्वतःहून सांगितले. त्यांनी पाच हजार कमी केले आणि साठ हजारांना सौदा ठरला. त्या रात्री आम्हाला स्वतःचे फार कौतुक वाटले.

आणि त्याच रात्री, जेवणे झाल्यावर, आमच्यात हळूच बोलणे झाले. कपाट दोघा भावंडांचे. निम्मे पैसे आक्काचे. पण तिला चाळीसच सांगितले तर? तिला वीस मिळतील, आम्हाला फीपुरते उरतील. एवढी वर्षे कपाट सांभाळले कोणी? टेम्पोचे भाडे दिले कोणी? एकेक कारण सापडत गेले.

दुसऱ्या दिवशी दृढीकरणाच्या वर्गाचा पाठ होता प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाचवा: हनन्या आणि सप्पीरा. नवराबायकोने मालमत्ता विकली, किमतीतला काही भाग चोरून ठेवला आणि उरलेला सगळी रक्कम म्हणून आणून दिला. एका मुलीने विचारले, "सर, पैसे त्यांचेच होते ना? मग चुकलं काय?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले: पेत्राने त्यांना हेच सांगितले की जमीन तुमची होती, पैसेही तुमच्याच हातात होते, द्यायची सक्ती नव्हती. पाप ठेवून घेण्यात नव्हते, खोटे बोलण्यात होते. बोलता बोलता घशाला कोरड पडली. त्यांचे पैसे निदान त्यांचे तरी होते. आमच्याकडचे निम्मे आमचे नव्हतेच.

परक्या माणसाला आम्ही आंब्याचा पाय दाखवला होता, आणि ज्या हातांनी त्या कपाटाला तेल चोळले त्यांच्यापासून वीस हजार लपवायला निघालो होतो. बाहेरच्यांशी खरे वागणे सोपे असते, तिथे कौतुकही मिळते. घरात मात्र आपण हक्काच्या नावाखाली वजन मारतो.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून फोन लावला आणि साठ हजार सांगितले. आक्काने किमतीबद्दल काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, "मागच्या पायाचं सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं, आक्का."

"मग झालं."

तिने आपले तीस हजार घेतले. तिलाही गरज होती. आमची फी सोसायटीच्या कर्जातून भरली, हप्ते अजून चालू आहेत. पण आक्काचा फोन आला की आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता बोलू शकतो.

हे प्रभू, घरातल्या माणसांशी बोलतानाही आमची जीभ खरी ठेव. आमेन.