जोडाक्षरांचा आदेश

आजोबांनीं लिहिलेलें नातवास वाचतां येईल काय, हा प्रश्न आतां केवळ भाषेचा राहिलेला नसून अक्षरांच्या जुळणीचाही झाला आहे. कै. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांवर आमचें अध्ययन झालें. त्या काळीं जोडाक्षरांचे शिशाचे खिळे निराळे ओतावे लागत, व जुळाऱ्यास ते अनेक खणांतून वेंचावे लागत. आतां खिळे गेले. जोडाक्षरांची चिंता मात्र राहिली.

गतवर्षीं आमच्या राजापेठेंतील घरीं कै. दादांच्या टिपणवहीचें पुस्तक करावें असें ठरलें. छापखान्यांतून पहिलें मुद्रित आलें, तों 'श्रद्धा' व 'विद्या' हे शब्द 'श्रद्‌धा', 'विद्‌या' असे पाय मोडून उभे! शिवाय पुतण्याच्या मुंजीच्या हिशेबांतील 'आचाऱ्यास शंभर रुपये' याचें 'आचार्यास' झालें. स्वयंपाक्याची मजुरी गुरूच्या पदरांत पडली. ऐंशी वर्षांच्या वहिनींनीं चष्मा पुसून दोन पानें वाचलीं आणि कागद खालीं ठेवला. "भाऊजी, हें त्यांचें लिहिणें नव्हे," एवढेंच त्या म्हणाल्या.

पुतण्यानें कारण उलगडून सांगितलें. संगणक 'द्ध' असें अखंड अक्षर सांठवीत नाहीं. द, हलन्तचिन्ह व ध असे तीन संकेत क्रमानें ठेवतो. देवनागरीचे हे संकेत युनिकोडनें १९९१ सालीं प्रसिद्ध केले. पुढें आलेल्या ओपनटाइप पद्धतीच्या टंकांतच एक सारणी असते: हे संकेत लागोपाठ आले कीं त्यांच्या जागीं एक जोडरूप बसवावें. आम्हांस पाणिनीची आठवण झाली. स्थानी जाऊन आदेश येतो, तोच हा प्रकार! ज्या टंकांत तो आदेश नाहीं, तेथें अक्षरें फुटतात. 'आचाऱ्या'चें तसें नव्हे; तेथें 'ऱ' हा निराळा संकेतच लिहावा लागतो. ती चूक टंक बदलून निघत नाहीं, मजकूरच सुधारावा लागतो.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, इंग्रजी शाळेंतील मुलांस सुटें रूपच सुलभ. तेंही खोटें नाहीं. परंतु सांठविलेला मजकूर एक असून त्याचीं रूपें दोन होऊं शकतात. तेव्हां वहिनींच्या प्रतीस जोडरूपांचा टंक लावला, मुलांच्या प्रतीस सुट्या रूपांचा. पुस्तकें आलीं त्या दिवशीं वहिनींनीं आपलीच प्रत नातीपुढें ठेवली व म्हटलें, "ही वाच. अडलीस तर मी आहें."

वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, घरांतील जुनीं टिपणें छापावयाचीं झाल्यास पहिलें मुद्रित वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून घालावें, आणि मगच छापण्यास संमति द्यावी.