वाकळांची खोली

21 नोव्हेंबर
शाळेच्या ऑडिओ कार्यक्रमासाठी जुन्या भूगोल खोलीची किल्ली अखेर हातात आली. आत गुंडाळलेले नकाशे, कलंडलेला पृथ्वीगोल आणि पाय नसलेली दोन टेबलं. शिपाईमामा आणि नववीच्या पोरांनी दुपारभर झाडलोट केली. खोली 4 मीटर बाय 3, उंची 3. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो. पोरांनी आळीपाळीनं वाजवून पाहिली, त्यांना गंमत वाटली. मला धसका बसला. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले 25 हजार माईकसाठी आहेत असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. खोलीसाठी पैसे लागतील, हे कुणाच्या गावीही नाही.

25 नोव्हेंबर
मुख्याध्यापकांना कंडेन्सर माईकच हवा. व्हिडिओत सगळ्यांकडे तोच दिसतो म्हणे. मी म्हटलं, सर, त्याला 48 व्होल्ट पुरवावे लागतात आणि कान फार तिखट. आपल्या खिडकीबाहेर एसटीचा रस्ता आहे, पलीकडं पिठाची गिरणी. तो सगळं वाई गाव टिपून घेईल. साधा डायनॅमिक माईक तोंडापासून चार बोटांवर धरला की बोलणारा पुढं येतो, गिरणी मागं राहते. शिवाय असले बरेच माईक समोरून ऐकतात, पाठीकडून जवळपास बहिरे असतात. म्हणजे पाठ खिडकीकडं करायची.
दोन डायनॅमिक माईक, एक इंटरफेस, दोन हेडफोन. सरांनी सही केली, पण चेहरा पडलेलाच.

28 नोव्हेंबर
निनादाचा धडा आज वर्गात न शिकवता त्या खोलीतच घेतला. वॉलेस सॅबाइनची गोष्ट सांगितली. 1895 साली हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला धड कळेना. तेव्हा या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि गाद्या वाढवत नेत आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे. खोलीच्या घनफळाला 0.161 नं गुणायचं आणि एकूण शोषणानं भागायचं. आमचं घनफळ 36, गुणाकार झाला साधारण 5.8. चुन्याच्या कोऱ्या भिंती जेमतेम तीन चौरस मीटर इतकं शोषण देतील, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. शोषण चौदापर्यंत नेलं तर 0.4.
‘मग चौदा कुठनं आणायचं, बाई?’
एकजण म्हणाला, अंड्यांचे ट्रे लावू. ट्रेचा पुठ्ठा पातळ, त्यानं माणसाचा आवाज फारसा गिळला जात नाही, उलट झुरळांची सोय होते. जाड, मऊ काहीतरी हवं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘वाकळ!’

3 डिसेंबर
वाकळा आल्या. नऊवारीच्या, धोतराच्या, एक तर चक्क शाळेच्या जुन्या गणवेशांची. भिंतीला चिकटवल्या नाहीत, दोरीवर चार बोटं अंतर ठेवून टांगल्या. मागं हवा राहिली की खालचे सूरही थोडे जास्त मरतात. खाली सतरंजी. परत टाळी वाजवली. ‘टप्’, आणि संपलं. एका मुलीनं कानात बोट घालून बघितलं, बिघडला की काय म्हणून.

6 डिसेंबर
आज मेणबत्तीचा प्रयोग. ज्योत तोंडासमोर वीतभर धरून ‘साखर’ म्हणायचं, मग ‘भाकरी’. साखरेला ज्योत नुसती हलते, भाकरीला विझते. तोच झोत माईकच्या पडद्यावर बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्पकन ऐकू येतो. मराठीत प, फ, ब, भ पावलोपावली, सुटका नाही. भरतकामाच्या रिंगेवर नायलॉनचा जुना मोजा ताणून माईकपुढं बांधला, माईकही तोंडाच्या जरा बाजूला घेतला. बाजारातली जाळी घ्यायची राहिली ती राहिलीच.
पंखा बंद, ट्यूबलाईटही बंद. तिचा चोक गुणगुणतो.

15 डिसेंबर
खरी अडचण आज कळली, आणि ती वाकळांनी सुटणारी नाही. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की पोरं बदलतात. बाहेर व्हरांड्यात जी मुलगी हातवारे करून मेणवलीच्या घंटेची गोष्ट रंगवत होती, तिनं माईकपुढं छाती पुढं काढली आणि सुरू केलं, ‘सन्माननीय व्यासपीठ...’ व्यासपीठ कुठलं? समोर दोन मित्र आणि एक वाकळ! वर्षानुवर्षं वक्तृत्व स्पर्धांत आम्हीच हा चढा, तासलेला सूर त्यांच्या गळ्यात बसवलाय. हेडफोन लावून ऐकणाऱ्याच्या थेट कानात बोलायचं असतं, तिथं तो सूर ओरडल्यासारखा लागतो.
लिहून आणलेले कागद काढून घेतले. फक्त पाच शब्द लिहायचे, बाकी समोरच्याला सांगायचं. लाल दिवा काढूनच टाकला.

5 जानेवारी
मेणवलीला जाऊन आलो. नाना फडणीसांचा वाडा, घाट, आणि देवळाजवळची ती घंटा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीज चर्चची घंटा. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि मेरीमातेची आकृती. नुसत्या बोटाच्या पेरानं टकटक केली तरी आतून गुंजते. पोरांनी कान लावले. फोनवर रेकॉर्ड करताना पहिला ठोका फाटला. फोन सरकवत मागं नेल्यावर नादाचं शेपूट नीट आलं. मग त्या मुलीनं तिथंच, पायरीवर बसून, घंटेची गोष्ट सांगितली. एकदाच, न थांबता. स्टुडिओत परत करायची नाही असं मी ठरवलंय. मागं धुण्याचे आवाज येतात, येऊ देत.

30 जानेवारी
संमतिपत्रं गोळा केली. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं. आडनाव कुणाचंच घ्यायचं नाही. पार्श्वसंगीतासाठी सिनेमाची गाणी हवी होती पोरांना, नाही म्हटलं. दुसऱ्याचं गाणं फुकट मिळालं म्हणजे आपलं होत नाही. आठवीतल्या एकानं हार्मोनियमवर चार सूर वाजवले, तीच धून.

10 फेब्रुवारी
एकाचे आजोबा हळद बाजारात जन्मभर तोलार होते. त्यांना आणलं. माईककडं त्यांनी बघितलंच नाही. खिशातून दोन हळकुंडं काढली. एक मोडलं, टक्! ‘ही वाळली.’ दुसरं वाकवलं, आवाज नाही. ‘ह्यात पाणी हाय. डोळं झाकून सांगतो मी, कान लागतो फकस्त.’ पोरं हेडफोनमधून ऐकत होती. एकानं ते ‘टक्’ पुन्हा पुन्हा लावलं.
मराठीच्या बाईंना भाषा खटकली. ‘हाय’ आणि ‘फकस्त’ शाळेच्या नावानं बाहेर जाणार? मी म्हटलं, तोलार आजोबांनी ‘फक्त’ म्हटलं तर हळदच खोटी वाटेल. जेवणाच्या सुट्टीत वाद रंगला. शेवटी त्यांची एक अट मान्य केली, निवेदन प्रमाण मराठीत. आजोबांच्या बोलण्याला हात लावायचा नाही, ही माझी.

14 फेब्रुवारी
सध्या कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे कर्णे. चारनंतर काही होत नाही, म्हणून रेकॉर्डिंग सकाळी सातला. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. ऑडॅसिटीला ती नुसती खोली ऐकवली की मागची गुणगुण वजा करता येते. पण जास्त वजा केलं की माणूस पाण्याखालून बोलतो. पोरांचा हात सैल आहे, आवरावा लागतो.
दहा मिनिटांची मूळ फाइल पन्नास एमबीच्या वर गेली. मोनो एमपी3 करून पाचच्या आत बसवली, पालकांच्या डेटाचा विचार नको का?

18 फेब्रुवारी
पहिला भाग तयार. सरांनी ऐकला, हसले, आणि म्हणाले, सुरुवातीला माझं मनोगत हवं. पोरांनी माझ्याकडं बघितलं. मनोगताचा स्वतंत्र भाग करू, असं मी सुचवलं. ते लगेच पटलं. त्यांना मिनिटं किती द्यायची आणि ‘सन्माननीय’ म्हणू द्यायचं का, यावर उद्या पोरांची बैठक आहे.